१८६ किलो कुर्ल्या, तीन अमावास्या आणि लोक अदालत

२०२४ च्या जूनमध्ये मी रोज रात्री मोबाइलवर एकच गोष्ट शोधत होते. कंपनीने मालाचे पैसे कापले तर तक्रार करायची कुठे? उसाचं सापडलं, दुधाचं सापडलं, कांद्याचं तर पानंच्या पानं. कुर्ल्यांचं, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांचं, काही सापडलं नाही. आमचा वाद आता मिटला आहे. तेव्हा मला जे वाचायला हवं होतं ते इथे लिहून ठेवते आहे. आकड्यांसकट लिहिते, कारण अशा वादात आकडेच बोलतात.

आमचा दहा बायकांचा बचत गट आहे, सिंधुदुर्गात, कर्ली खाडीच्या काठावर. कांदळवनात जाळीचं कुंपण घालून आम्ही कुर्ल्यांची पिल्लं वाढवतो. भरतीचं पाणी आत येतं, ओहोटीला जातं, आणि रोज संध्याकाळी आम्ही बाजारातली टाकाऊ मासळी कापून घालतो. साधारण अर्धा माल या कुंपणातला असतो. उरलेला अर्धा आमच्या घरच्यांनी खाडीत आमिष लावून पकडलेला. सगळा एकत्र करून गटाच्या नावाने विकतो. मी गटाची सचिव, म्हणजे वही माझ्याकडे.

जानेवारी २०२४ मध्ये एका निर्यातदार कंपनीचा माणूस आला. जिवंत कुर्ल्या घेऊन, निवडून, पॅक करून परदेशी पाठवणारी कंपनी. पॅकिंग सेंटर दुसऱ्या जिल्ह्यात. तोपर्यंत आम्ही गावच्या व्यापाऱ्याला लहान-मोठी सरसकट ५०० रुपये किलोने देत होतो. याने वजनाप्रमाणे दर सांगितला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनही पाठवला: ७०० ग्रॅमच्या वर १,२५०, ५०० ते ७०० ग्रॅमला ९५०, ३५० ते ५०० ग्रॅमला ६००. पैसे आठ दिवसांत. गटात दोन दिवस चर्चा झाली आणि आम्ही हो म्हटलं.

कुर्ली अमावास्येला भरलेली असते, पौर्णिमेला पोकळ, हे आमच्याकडे पोरांनाही माहीत असतं. म्हणून माल दिला तो तीन अमावास्यांना. पहिला १० मार्चला, दुसरा ८ एप्रिलला. तिसरा द्यायचा होता ७ मेला, पण त्या दिवशी आमच्याकडे लोकसभेचं मतदान होतं, म्हणून ८ मे ठरला. प्रत्येक वेळी कंपनीचा माणूस स्वतः काटा घेऊन यायचा. आंब्याच्या फांदीला काटा अडकवायचा, टोपली लावायची, आकडा वहीत. खाली त्याची सही, कार्बनची प्रत आम्हाला. हे तीन कागद मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देवाच्या फळीवर ठेवले होते. पुढे सगळं त्यांच्यावरच उभं राहिलं.

तिन्ही मिळून माल भरला १८६ किलो. मोठा ६२, मधला ८४, लहान ४०. ठरल्या दराने १,८१,३०० रुपये होतात. मार्चमध्ये ३०,००० आले, एप्रिलमध्ये ३५,०००, मेच्या शेवटी २५,०००. दर वेळी "उचल समजा वहिनी, हिशेब शेवटी एकदम करू" असं उत्तर. तेव्हाच थांबायला हवं होतं. पण तीन हजारांसाठी बँकेच्या पायऱ्या झिजवणाऱ्या बायकांच्या खात्यात एकदम तीस हजार दिसले की शंका घ्यायला मन होत नाही.

३ जूनला हिशेब आला. एक फोटो, त्यावर हाताने लिहिलेले आकडे. मोठा माल ६२ चा झाला होता ३१ किलो. मधला ७०, लहान ५२. मेलेला माल २१ किलो. "दोरी आणि पोकळ" म्हणून आणखी १२ किलो वजा. वर "बाजार उतरला" म्हणून दरही खाली आणले होते: १,०५०, ८०० आणि ५००. एकूण १,१४,५५०. त्यातून दिलेले ९०,००० गेले, म्हणजे त्यांच्या मते देणं फक्त २४,५५०. आमच्या वहीप्रमाणे ९१,३००.

तो फोटो मी गटाच्या बैठकीत वाचून दाखवला. कुणी बोलेना. मग आमच्या अध्यक्ष काकी, वय सत्तरीच्या जवळ, एवढंच म्हणाल्या, "दोरी तुमची, पाणी खाडयेचा, आणि वजन मात्र आमचा?" (कुर्लीचे डेंगे, म्हणजे नांग्या, बांधायची जाड सुती दोरी कंपनीच द्यायची आणि ती पाण्यात भिजवूनच वापरायची, म्हणजे काट्यावर तिचंही वजन यायचं. काकींचं हे वाक्य लक्षात ठेवा, त्याचं पुढे काय झालं ते सांगते.)

जूनभर मी फोन करत राहिले. माणूस उचलायचा, गोड बोलायचा, "साहेबांशी बोलतो" म्हणायचा. तिसऱ्या-चौथ्या फोननंतर मला एक सवय लागली आणि ती तुम्हीही लावून घ्या: फोन ठेवला की लगेच मेसेज. "आत्ता आपलं बोलणं झालं, तुम्ही शनिवारपर्यंत कळवतो म्हणालात." त्याने उत्तर दिलं नाही तरी तारीख आपल्याकडे राहते. २० जूनला कंपनीच्या पत्त्यावर पोचपावतीसह रजिस्टर पत्र पाठवलं. खर्च पन्नासच्या आत. त्यात राग काढला नव्हता, तीन पावत्यांच्या तारखा, वजनं, दर आणि बाकी रक्कम एवढंच लिहिलं. पोचपावती परत आली, उत्तर आलं नाही.

जुलै बंद दारांवर टकटक करण्यात गेला. मत्स्य खात्याच्या कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं की योजना, परवाने, पावसाळी बंदी ही कामं त्यांची, खाजगी व्यवहारातला दर त्यांच्या हातात नाही. मग कुणीतरी सांगितलं, लहान उद्योगांचे पैसे मोठ्या कंपनीने थकवले तर केंद्र सरकारच्या समाधान पोर्टलवर तक्रार होते, आणि ४५ दिवसांच्या वर थकलेल्या रकमेवर बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं. मी आनंदाने सेतूत गेले. त्यासाठी आधी उद्यम नोंदणी लागते. तिथल्या मुलाने धंद्याचा प्रकार शोधला आणि मान हलवली. मासेमारी आणि मत्स्यशेती हा गटच उद्यममध्ये बसत नाही. कुर्ली शिजवून तिचं मांस डब्यात भरणाऱ्याची नोंदणी होते, कुर्ली पकडणाऱ्याची नाही. त्या दिवशी एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडले. ग्राहक मंचाचाही विचार केला होता, पण आपण तिथे ग्राहक नाही, विकणारे आहोत. ते दारही आपलं नव्हे.

याच काळात माझ्या मुलीने कॅनडातल्या न्यूफाउंडलंडची माहिती काढून दिली. तिथे खेकड्याचा हंगाम सुरू होण्याआधी मच्छीमारांची संघटना आणि प्रक्रिया कारखान्यांची संघटना दराची बोलणी करतात. जमलं नाही तर दोघांनी आपापला शेवटचा आकडा एका सरकारी मंडळापुढे ठेवायचा. मंडळाने दोन्हींपैकी एकच निवडायचा, मधला काढायचा नाही. २०२२ चा हंगाम पौंडाला ७.६० डॉलरने सुरू झाला होता. २०२३ मध्ये मंडळाने कारखान्यांचा २.२० चा आकडा उचलला, आणि मच्छीमारांनी सुमारे सहा आठवडे होड्या किनाऱ्याला बांधून ठेवल्या. शेवटी पुन्हा बोलणी झाली. वाचून मला त्यांची दया आली, आणि हेवाही वाटला. भांडायला का होईना, त्यांना एक टेबल आहे. आमच्याकडे दर ठरतो तो खाडीच्या काठावर, एका माणसाच्या मोबाइलवर, आणि तो मोडतो तोही तिथेच.

ऑगस्टच्या सुरुवातीला एका खाजगी वकिलांकडे गेलो. सल्ल्याचे ५०० रुपये. दिवाणी दावा लावायचा तर त्यांची फी १५,०००, कोर्ट फी वेगळी, आणि किती वर्षं ते सांगता येत नाही. वकील सरळ माणूस होता. तोच म्हणाला, "एवढ्या रकमेसाठी दावा परवडणार नाही. पण तीन वर्षांची मुदत आहे, घाई करू नका."

नारळी पौर्णिमा १९ ऑगस्टला झाली. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या ताईंशी बोलताना त्यांनी सांगितलं, "तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. बायकांना वकील फुकट मिळतो." माझा विश्वास बसला नाही. पण खरं आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. १५१०० या नंबरवर फोन करूनही विचारता येतं.

२२ ऑगस्टला काकी आणि मी गेलो. कोर्टाच्या आवारात पाऊल टाकताना काकींनी चपला काढल्या होत्या, मी त्यांना परत घालायला लावल्या. आत एक कारकून आणि एक छापील अर्ज. नाव, पत्ता, वाद कशाचा, समोरचा कोण. सोबत आधारची प्रत. फी शून्य. आम्हाला एक वकील मॅडम नेमून दिल्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गट नोंदणीकृत आहे का?" आमचा गट उमेदचा, म्हणजे सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातला, बँकेत खातं आहे, पण संस्था म्हणून नोंद नाही. त्या म्हणाल्या, मग अर्ज दहाही जणींच्या नावे करू आणि तुम्हा दोघींना अधिकार दिल्याचा ठराव जोडू. हा ठराव गटाच्या इतिवृत्तात तारखेसह लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. आमच्या दोघी जणी मुंबईला गेल्या होत्या, त्यांच्या सह्यांसाठी नऊ दिवस गेले.

मॅडमनी सुचवलं ते दाखलपूर्व प्रकरण. म्हणजे कोर्टात दावा न लावता, त्याआधीच समोरच्याला बोलावून तडजोड करायची, आणि जमली तर लोक अदालतीत तिच्यावर शिक्का घ्यायचा. त्यांनी याची कमकुवत बाजूही लपवली नाही. समोरचा आलाच नाही तर त्याला जबरदस्ती करता येत नाही. पण जे ठरेल त्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याची ताकद असते आणि त्यावर अपील नसतं. नाहीच जमलं तर दाव्याचा रस्ता उघडा राहतो.

नोटीस सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेली. ७ तारखेला गणपती आले आणि कोकणात त्या दिवसांत कुठलंच काम होत नाही, आमचंही नाही. २६ सप्टेंबरची पहिली तारीख. कंपनीकडून कुणी आलं नाही. आम्ही दोघी सकाळी साडेदहापासून दुपारी तीनपर्यंत बाकावर बसलो. काकी परत येताना म्हणाल्या, "पैशे बुडाले म्हणान समज." मॅडमनी दुसरी नोटीस काढली, आणि यावेळी सोबत आमच्या तीन पावत्यांच्या आणि दराच्या मेसेजच्या प्रती जोडल्या. माझ्या मते त्यांना हलवलं ते याच प्रतींनी.

१७ ऑक्टोबरला ते आले. तोच माणूस आणि एक मॅनेजर. लहान खोली, मधे टेबल, मध्यस्थ म्हणून एक निवृत्त वकील. मॅनेजर उद्धट नव्हता. त्याने सांगितलं की पोकळ कुर्ली परदेशात कुणी घेत नाही, मेलेली तर फेकावीच लागते, आणि दोरीचे पैसे कंपनी का देईल? शिवाय तुमचं वजन खरं कशावरून?

तेव्हा मी पावत्या पुढे केल्या. काटा तुमचा, माणूस तुमचा, सही तुमची. मॅनेजरने आपल्या माणसाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. मालाची प्रतवारी आणि दर या दोन गोष्टी तिथेच मिटल्या. दराच्या मेसेजमध्ये "बाजाराप्रमाणे बदल होईल" असं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

मग दोरी. मध्यस्थ म्हणाले, वाद कशाला, बघूया. काकींनी पिशवीतून शिल्लक राहिलेल्या दहा दोऱ्या काढल्या. त्या त्यांनी कशासाठी आणल्या होत्या ते मला माहीत नव्हतं. शिपायाने बादलीत पाणी आणलं. दोऱ्या दहा मिनिटं भिजवल्या, उचलून पाणी निथळू दिलं, आणि समोरच्या किराणा दुकानातून आणलेल्या काट्यावर ठेवल्या. ३२० ग्रॅम. एका कुर्लीमागे ३२ ग्रॅम. माझ्या वहीत नग लिहिलेले होते, तिन्ही वेळचे मिळून ३३८. गुणाकार मीच केला: १० किलो ८१६ ग्रॅम.

खोलीत शांतता पसरली. कंपनीने कापलेले १२ किलो जवळपास बरोबर होते. आम्ही चार महिने ज्याला चोरी म्हणत होतो ती चोरी नव्हती. काकींनी पदराने हात पुसले आणि म्हणाल्या, "ह्या खरा. ह्या आमी सोडतो." मला वाटतं, त्या एका वाक्याने मॅनेजरचा सूर बदलला. त्यानंतर तो आमच्याशी बोलायला लागला, तोवर तो मध्यस्थांशी बोलत होता.

मेलेल्या २१ किलोंवर मात्र तो अडून बसला. मॅडमनी समजावलं की वेगळं काही ठरलेलं नसेल तर माल ताब्यात घेतल्यावर जोखीम घेणाऱ्याची. त्यावर त्यांच्या माणसाने माझाच जानेवारीतला एक मेसेज दाखवला. नमुन्याच्या पाच कुर्ल्या पाठवल्या होत्या, त्यातली एक मेली, तेव्हा मी लिहिलं होतं, "मेलेलं सोडून द्या, चालेल." एका कुर्लीसाठी लिहिलेलं वाक्य २१ किलोंवर येऊन बसलं. व्हॉट्सअ‍ॅपवर "चालेल" लिहिताना कशासाठी चालेल ते लिहा, एवढी कळकळीची विनंती. पण त्याच फोनमध्ये त्यांच्या माणसाचा ८ मेचा मेसेजही होता: "गाडी बंद पडली, माल उद्या पोचेल." मेमधलं ऊन, बांधलेल्या कुर्ल्या, रात्रभर रस्त्यात. २१ पैकी १४ किलो त्याच फेरीतले होते. ते त्यांचे, उरलेले ७ आमचे, असं ठरलं. (मेसेज पुसू नका, फोन बदलला तर जुना जपून ठेवा. प्रकरण कोर्टात गेलं असतं तर नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागलं असतं असं मॅडम म्हणाल्या. तडजोडीत त्याची गरज पडली नाही.)

आता मध्यस्थांनी कागदावर आकडा मांडला. ९१,३०० मधून दोरी आणि ७ किलो सरासरी दराने वजा केले की ७४,००० च्या आसपास राहतात. मॅनेजर ७०,००० म्हणाला. आम्ही व्याज सोडलं, तो दोन हजार चढला. ७२,०००. मधे दिवाळी आणि विधानसभेची निवडणूक आली, त्यामुळे शिक्कामोर्तब थेट १४ डिसेंबरच्या राष्ट्रीय लोक अदालतीत.

त्या दिवशी कोर्टात जत्रेसारखी गर्दी. बँकेच्या थकबाकीचे, वीजबिलाचे, घरपट्टीचे लोक. आमचा नंबर दीड वाजता लागला. न्यायाधीशांनी तडजोड वाचून दाखवली आणि काकींना विचारलं, "कुणाच्या दबावाखाली सही करत नाही ना?" काकी म्हणाल्या, "नाय." रक्कम दोन हप्त्यांत: १० जानेवारीला ४०,०००, १० फेब्रुवारीला ३२,०००. मॅडमनी एक ओळ आग्रहाने घालून घेतली की हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम ९ टक्के व्याजाने एकदम देणं लागेल. ही ओळ तुमच्या कागदात आहे का ते सही करण्याआधी बघा. निवाड्याची प्रत फुकट मिळाली.

पहिला हप्ता ९ जानेवारीला आला. दुसऱ्याची १० तारीख उलटली. ११, १२, १३. माझी झोप पुन्हा गेली. मॅडमनी कंपनीला फोन करून ती ओळ वाचून दाखवली. १४ फेब्रुवारीला दुपारी बँकेचा मेसेज आला तेव्हा मी खाडीत गुडघाभर पाण्यात होते, फोन दाखवायला मुलगी बांधावरून धावत आली.

आमचा एकूण खर्च २,१४० रुपये. यात वकिलाच्या सल्ल्याचे ५००, पोस्ट, झेरॉक्स आणि एसटी. बायकांना अर्धं तिकीट असल्याने एसटी परवडली. बुडालेले दिवस यात धरलेले नाहीत, ते दोघींचे मिळून अठरा. १९,३०० रुपये आम्ही सोडले. त्यातले दोन हजार आणि व्याज सोडलं तर बाकीचे आमचे नव्हतेच, हे आता सगळ्याजणी मान्य करतात.

मिळालेल्या पैशांतून गटासाठी एक काटा घेतला आणि त्याचं पासिंगही (वजन-मापं खात्याची तपासणी आणि शिक्का) करून घेतलं, दरवर्षी करावं लागतं. पावतीचा नमुना आम्हीच छापून घेतला: तारीख, वेळ, नग, दर, प्रतवारी, गाडी सुटल्यावर मेलेला माल कुणाचा, पैसे किती दिवसांत. २९ मार्चच्या अमावास्येला नव्या व्यापाऱ्याची गाडी आली. टोपल्या रांगेत लावल्या होत्या. काकींनी आधी दहा दोऱ्या बादलीत टाकल्या, निथळू दिल्या, काट्यावर ठेवल्या आणि मला म्हणाल्या, "ह्या पयला लिही." मी लिहिलं. मग त्यांनी पेन व्यापाऱ्याच्या हातात दिलं.